मार्चच्या उन्हात कुत्र्यांना गाडीला जुंपू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहणारा शेतकरी. २०२० पर्यंत बारा वर्षं शिपवर होतो, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडची पुष्कळ पोरं गोव्याच्या एजंटाकडून शिपवर जातात, त्यातलाच मी एक. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ आहे. थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

कारण असं. आमच्या भागातल्या एका यात्रेत येत्या मार्चमध्ये बैलगाड्यांच्या शर्यतीच्या जोडीला कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत लावायचं घाटतं आहे. वेळ दुपारी तीनची, रस्ता डांबरी, दोन-दोन गाड्या शेजारी शेजारी सोडायच्या आणि पहिल्याला रोख बक्षीस. ही कल्पना माझ्या कुत्र्यांवरून निघाली, म्हणून मला गप्प बसता येत नाही. गेली काही वर्षं मी हिवाळ्यात पहाटे तीन कुत्री तीनचाकी गाडीला जुंपून शिवारातल्या वाटेनं पळवतो. आसपासच्या गावांनी ते पाहिलं आहे, पोरांनी व्हिडिओ काढून फिरवले आहेत. व्हिडिओत अर्धा मिनिट कुत्री पळताना दिसतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काही दिसत नाही.

आमचं जहाज मे ते सप्टेंबर अलास्काच्या फेऱ्या करायचं. केचिकन, ज्यूनो, स्कॅग्वे ही बंदरं. नाश्त्याची गडबड संपली की कधी तीन-चार तासांची सुट्टी मिळायची. स्कॅग्वेजवळ बर्फगाडीच्या कुत्र्यांचा एक तळ होता. उन्हाळ्यात खाली बर्फ नसतो, म्हणून ते लोक चाकांच्या गाड्यांना कुत्री जुंपतात आणि जहाजावरच्या पाहुण्यांना जंगलातून एक फेरी मारून आणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चाट पडलो. मला वाटलं होतं, कॅलेंडरवर असतात तशी निळ्या डोळ्यांची, केसाळ, गुबगुबीत कुत्री असतील. होती ती हडकुळी, लांब पायांची. कुणाचे कान उभे, कुणाचे पडके, कुणी काळं, कुणी बांडं, कुणी मातीच्या रंगाचं. त्यांना अलास्कन हस्की म्हणतात, पण ती काही ठरावीक जात नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जे चांगलं पळतं, चांगलं खातं आणि ज्याचे पाय टिकतात तेच वाढवत नेलेलं. त्यात शिकारी कुत्र्यांचं रक्तही मिसळलेलं आहे. वजन वीस-पंचवीस किलो. मला आमच्या वेशीवरची कुत्रीच दिसली.

मी कुत्र्यांजवळ घुटमळतो हे बघून तिथल्या एका पोरीनं मला कामाला लावलं. पाण्याच्या बादल्या उचलायच्या, घाण काढायची. त्या बदल्यात ती शिकवायची. पुढं चालणारं कुत्रं ते लीडर. त्याला ताकद कमी असली तरी चालते, पण कान आणि डोकं पाहिजे. गाडीला लागून जी जोडी असते तिला व्हील म्हणतात, ती दांडगी आणि शांत लागते, कारण चाकांचा आवाज पाठीशी असतो. उजवीकडं वळायला ‘जी’, डावीकडं ‘हॉ’. हे शब्द मुळात बैल आणि घोडे हाकणाऱ्यांचे आहेत, पुढं ते कुत्र्यांना लावले, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. आज मी माझ्या कुत्र्यांना ‘उजवी’, ‘डावी’ म्हणतो आणि थांबायला आमचं नांगरावरचं ‘होऽ’. तेवढं पुरतं.

एक दिवस तिनं पाहुण्यांच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या. कुत्र्यांना आधी पाण्यानं भिजवलं, मग जुंपलं, आणि परत आल्यावर प्रत्येकाला पाण्याच्या टपात बसवलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, आज फार गरम आहे. मी स्वेटर घालून उभा होतो. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये १६ अंश होते.

संपादक महाशय, ते १६ अंश मी इथं आल्यावर विसरलो. त्याची किंमत माझ्या कुत्र्यानं दिली.

२०२० मध्ये कोरोनात जहाजं बंद पडली आणि मी साइन ऑफ होऊन घरी आलो तो कायमचाच. घरात भिंगरी नावाची पिवळी गावठी कुत्री होती. एका धनगरमामांकडून दोन कारवानी, म्हणजे आपल्याकडच्या शिकारी जातीची, मिश्र पिल्लं आधीच आणलेली होती, हरण्या आणि पाखऱ्या, आमच्या जुन्या बैलजोडीची नावं ठेवलेली. आणि तांबू. तो रस्त्यावरच भेटला, आमच्या गोठ्यात येऊन राहिला. जुन्या सायकलींची चाकं घेऊन वेल्डिंगवाल्याकडून तीनचाकी गाडी केली. तिला ब्रेक दोन, कारण एक तुटला तर तीन कुत्री आणि उतार यांच्यापुढं माणसाचे पाय काही कामाचे नाहीत. डोक्याला हेल्मेट. गाडी तीसएक किलोची आहे, मी बासष्टचा. चढ आला की उतरून मागून ढकलायचं, हे तिथले लोकही करतात. कुत्री ओढतात आणि माणूस बसून राहतो असं तिथं मी कधी पाहिलं नाही.

जुंपायचा पट्टा हे खरं काम. गळ्याला बांधलेला साधा पट्टा ओढायला चालत नाही, श्वासनळी दाबते. भार छातीच्या हाडावर आणि खांद्यांवर यायला हवा, आणि दोरी शेपटीच्या बुंध्याजवळून सुटायला हवी. जुवाचा भार बैलाच्या मानेवर नीट बसला नाही तर खांदा येतो, तसंच हे. बॅगा शिवणाऱ्या एका मित्राकडून नायलॉनच्या पट्टीचे चार शिवून घेतले. कारवानी कुत्र्याची कातडी पातळ, केस आखूड. आठ दिवसांत हरण्याच्या काखेत सोलपटलं. मग वडिलांचं जुनं धोतर फाडून आतून दुहेरी अस्तर लावलं. तेव्हापासून सोलपटलं नाही. मधल्या दोरीत रबराचा एक तुकडा असतो, झटका कुत्र्याच्या कमरेला लागू नये म्हणून. पिल्लू दीड वर्षाचं होईपर्यंत त्याला ओढायला लावायचं नाही, हाडांची टोकं तोवर कच्ची असतात. ते नुसतं मोकळं बरोबर पळतं.

कारवानी जात आपल्याच टापूतली. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे राजेसाहेबांनी ती जोपासली, आज मुधोळ हाउंड म्हणून ती देशभर माहीत आहे, २००५ साली तिचं टपाल तिकीट निघालं. पण तिचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. हे कुत्रं वासापेक्षा डोळ्यानं शिकार करतं. बांधावरून ससा उठला की त्याला गाडी, मालक, दोरी काही आठवत नाही. म्हणून हरण्या-पाखऱ्या कितीही वेगवान असले तरी पुढं भिंगरीच. ती एकदा मागं वळून बघते आणि दोघं सरळ होतात. पहाटे धुक्यात, लाल मातीच्या वाटेवर, फक्त चाकांचा आणि त्यांच्या श्वासाचा आवाज असतो. कुत्री त्या वेळी आनंदात असतात यात मला तिळमात्र शंका नाही. खुंटीवरचा पट्टा काढला की अंगणात जो गोंधळ सुरू होतो, तो शेजाऱ्यांना चांगला माहीत आहे.

आता तांबूचं.

२०२१ चा फेब्रुवारी. पहिल्या हिवाळ्यानं मला हुरूप आला होता. त्या दिवशी भाताच्या गिरणीत वेळ गेला आणि निघायला साडेनऊ वाजले. ऊन आलं होतं, पण अंगावर कडक वाटत नव्हतं. दोन किलोमीटर गेलो. परतीला तांबूची दोरी सैल पडायला लागली. मला वाटलं कंटाळला, म्हणून मी ‘चल’ म्हणालो. तो चालला. हे मला आजही आठवतं, मी ‘चल’ म्हणालो आणि तो चालला. शे-दोनशे पावलांवर त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि तो बसला. जीभ बाहेर, टोकाला पसरट झालेली, लाळ तारेसारखी चिकट. हिरड्या विटेसारख्या लाल. डोळे माझ्याकडं होते पण मला बघत नव्हते. पोटाला हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखा.

मी त्याला गाडीत घातलं, उरलेल्या तिघांना सोडून दिलं आणि गाडी ओढत विहिरीपर्यंत धावलो. पोटावर, काखेत, पंजांवर पाणी ओतलं. बायकोनं घरातला टेबलफॅन वायर ओढून झाडाखाली आणला. डॉक्टरसाहेब फोनवर होते, ते म्हणाले ओतत राहा, थांबू नका, मी निघालोय. त्यांनी येऊन ताप बघितला तेव्हा पाऊण तास पाणी घालूनही तो साडेचाळीस होता. कुत्र्याचा साधारण ताप ३८ ते ३९. एक्केचाळीसच्या वर गेला की आतले अवयव जायला लागतात. त्यांनी रक्त तपासलं तेव्हा कळलं की त्याला गोचीडतापही होता. गोचिडांचा हा ताप आमच्या जंगलपट्ट्यात कुत्र्यांना फार होतो. आतून रक्त कमी होत जातं आणि वरून कुत्रं धडधाकट दिसतं. तांबू आठवडाभरापासून कमी खात होता. मी ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

तांबू वाचला. पण पुन्हा गाडीला लागला नाही आणि लागणारही नाही. सहसा अशा कुत्र्याला पुढच्या खेपेला आणखी लवकर झटका येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो गोठ्याशी असतो. मी पट्टे काढले की आजही उठून येतो आणि जुंपून घ्यायला मान खाली घालून माझ्यापुढं उभा राहतो. मला त्याला बांधून ठेवून निघावं लागतं.

आता यात्रेच्या कमिटीतल्या मंडळींच्या एका प्रश्नाकडं येतो. एक अण्णा मला म्हणाले, बैल दुपारी पळतात, घोडे पळतात, मग कुत्र्याचंच एवढं काय? याचं उत्तर साधं आहे. बैलाला घाम येतो, घोड्याला तर अंगभर फेस येतो. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला तोंडानं, धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून बाहेर काढावी लागते. हवा गरम आणि दमट असली की ते पाणी उडत नाही. मार्चमध्ये दुपारी तीनला डांबर असं तापतं की आपण हाताचा तळवा दहा आकडे मोजेपर्यंत टेकवू शकत नाही. त्यावर चार पंजे. आणि वाईट हे की ओढायची आवड असलेलं कुत्रं स्वतःहून थांबत नाही. बैल अडतो, बसतो, मान टाकतो. चांगलं गाडीचं कुत्रं मालकाच्या शब्दावर पडेपर्यंत जातं. तांबू गेला तसा.

दुसरा प्रश्न कायद्याचा. कर्नाटकानं २०१७ साली दुरुस्ती करून कंबळ (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलगाडी शर्यतींना मोकळीक दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ रोजी ती मान्य केली. ती मोकळीक तेवढ्यापुरती आहे, तिच्यात कुत्रं नाही. जनावराला मारणं, झेपणार नाही इतकं पळवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हाच आहे. त्यावर पैजा लागल्या तर तो जुगार. आणि कुत्री पळावीत म्हणून पुढं जिवंत ससा सोडायचं कुणाच्या डोक्यात असेल तर तो वन्यजीव कायद्याचा गुन्हा. कमिटीतली सगळी माणसं माझ्या ओळखीची आहेत, भली आहेत. पोलिसांत जायची मला इच्छा नाही. म्हणूनच आधी इथं लिहितो आहे.

हस्कीबद्दलही लिहायलाच हवं. आमचे व्हिडिओ बघून बेळगावच्या बाजूच्या एका तरुणानं गाभण म्हशीच्या किमतीला सायबेरियन हस्कीचं पिल्लू आणलं. माझ्याकडं घेऊन आला, मामा, याला गाडी शिकवा म्हणाला. देखणं पिल्लू, गुणी. सायबेरियाच्या चुकोटकाच्या टोकावर, जिथं समुद्र गोठतो, तिथं चुकची लोकांनी वाढवलेली ही जात. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा. मी त्याला सांगितलं, गाडी राहू दे, याला आधी उन्हाळा काढून दे. त्यानं मनापासून केलं. कूलर घेतला, फरशीवर झोपवला. कुणीतरी सांगितलं म्हणून एप्रिलमध्ये अंगावरचे केस काढून टाकले. ते केस गेले की ऊन सरळ कातडीवर येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. एका दुपारी वीज गेली, घरात माणूस नव्हतं. तो पोरगा माझ्यासमोर रडला. त्याला बोल लावायला मला तोंड नव्हतं. पण त्यानंतर आमच्या टापूत आणखी दोन हस्की आले आहेत, आणि यात्रेतल्या शर्यतीसाठी आणखी येतील, ही मला खरी धास्ती आहे. ज्यांना गाडीची हौस आहे त्यांनी आपल्या दारातलं कुत्रं बघावं. अलास्कात हजार मैलांच्या शर्यती जिंकणारी कुत्रीसुद्धा दिसायला तशीच आहेत.

त्या शर्यतींचं नाव निघालंच आहे तर सांगतो. १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी शर्यत होते, साधारण सोळाशे किलोमीटरची. त्याच नोम गावात १९२५ च्या जानेवारीत घटसर्पाची साथ आली होती आणि त्यावरचं औषध, प्रतिविष, कुत्र्यांच्या गाड्यांनी पोचवलं. १०८५ किलोमीटर, साडेपाच दिवस. पण ते अंतर वीस चमूंनी वाटून घेतलं होतं. पोरांचे जीव टांगणीला असतानाही एकाच चमूला शेवटपर्यंत मारत नेलं नाही. आणि आजच्या शर्यतीत वाटेवर पशुवैद्य असतात, थकलेलं कुत्रं चौकीवर उतरवून ठेवायची सोय असते, आणि कुत्र्यांची सगळ्यांत चांगली काळजी घेणाऱ्या गाडीवानाला पशुवैद्य स्वतः निवडून वेगळा मान देतात. सगळ्यांत शेवटी पोचणाऱ्याला लाल कंदील देतात. मला तो कंदील फार आवडला होता.

तरीही तिथं कुत्री मरतात, त्यावरून तिथंही वाद आहेत, आणि ते व्हायलाच हवेत.

माझं मागणं एवढंच आहे की मार्चमधली ही शर्यत रद्द करावी. कुणाला खरोखर हौस असेल तर डिसेंबर-जानेवारीत या, पहाटे साडेसहाला, थर्मामीटर पंधराच्या खाली असेल तर. मातीच्या वाटेवर, दोन किलोमीटर, मध्ये थांबून. एका गाडीला दोन किंवा तीन कुत्री, त्याहून जास्त नकोत. नवशिक्या माणसाला तीन कुत्री आवरत नाहीत. गाड्या शेजारी शेजारी सोडायच्या नाहीत. तिकडंही छोट्या शर्यतीत एकामागून एक सोडतात आणि घड्याळावर वेळ मोजतात. त्यानं कुत्र्यांची भांडणं टळतात आणि माणसाच्या अंगातही येत नाही. हातात चाबूक, काठी काही नाही. निघण्याआधी दोन तास पाणी पाजायचं, नुसतं पीत नसेल तर त्यात मटणाचा थोडा रस्सा घालून. पोटभर जेवण मात्र आदल्या संध्याकाळीच, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट भरल्यावर पळवलं तर आतून पिळा पडू शकतो. प्रत्येक कुत्र्याच्या कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे, हिरड्या बघायच्या. रेबीजची लस झालेली हवी. डॉक्टरांनी एखाद्याला नको म्हटलं तर त्यावर कुणी बोलायचं नाही. पट्टे कसे शिवायचे ते मी दाखवीन, माप घेऊन देईन, पैसे नकोत. रोख बक्षीसही नको, त्यानंच सगळं बिघडतं. द्यायचाच असेल तर एक कंदील द्या, सगळी कुत्री धड घेऊन जो शेवटी येईल त्याला.

येत्या रविवारी कमिटीची बैठक देवळात आहे. मला बोलायला पाच मिनिटं द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे. थर्मामीटर घेऊन जाणार आहे, आणि तांबूलाही. पट्टाही बरोबर असेल. तो काढल्यावर तांबू काय करतो ते त्यांनी बघावं.

आपला,
एक वाचक शेतकरी
ता. खानापूर, जि. बेळगाव